उलगड्याचा कर्ता कोण? : जुन्या कागदी प्रतिकृतिसंचांचे पुनर्रेखाटन आणि स्वामित्वहक्क

कागदाच्या सपाट तक्त्यावर इमारतीच्या भिंती, वाहनाची अंगे किंवा किल्ल्याचे बुरूज सुटे सुटे छापलेले असावेत, ते कात्रीने कापावेत, रेघांवर दुमडावेत, कडांना डिंक लावून जोडावेत आणि सपाट चित्रातून घन वस्तू उभी करावी, हा कागदी प्रतिकृतिसंचाचा व्यवहार होय. युरोपात ह्या व्यवहाराला दीर्घ परंपरा आहे. फ्रान्समध्ये एपिनाल येथे पेलरँ ह्यांनी १७९६ मध्ये काढलेला चित्रछापखाना, जर्मनीत एसलिंगेन येथे १८३१ मध्ये स्थापन झालेली श्रायबर ही प्रकाशनसंस्था आणि पोलंडमध्ये १९५७ मध्ये सुरू झालेले 'माऊई मोडेलाश' हे नियतकालिक, ही तिची ठळक स्थाने. महाराष्ट्रात ही कला आकाशकंदील, दिवाळीचा किल्ला आणि मुलांच्या मासिकांतील कापून चिकटवण्याची पाने ह्यांच्या आश्रयाने वाढली. हे सर्व साहित्य मुळातच नाशवंत. संच वापरला की तो संपतो. न वापरला तर पिवळा पडतो. म्हणून आज जुने तक्ते संगणकावर उतरवून, दुरुस्त करून, नव्या मापात पुन्हा प्रसृत करण्याकडे हौशी कारागिरांचा आणि शिक्षकांचा कल वाढत आहे. ह्या कृत्याचे स्वरूप काय, आणि त्यात कोणाच्या हक्काला बाध येतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नावर दोन मते सामान्यतः ऐकू येतात. पहिले मत असे की जी वस्तू बाजारातून नाहीशी झाली आणि जिचा धनी विचारपूस करीत नाही, ती सर्वांची झाली. दुसरे मत असे की जुन्या रेघेवरून काढलेली प्रत्येक नवी रेघ ही चोरी होय. दोन्ही मते उतावळी आहेत. पहिल्यात कायद्याचे अज्ञान आहे, दुसऱ्यात वस्तूचे. ह्या कलेत कर्त्याचे कर्तृत्व नेमके कोठे असते हे पाहिल्यावाचून दोहोंपैकी कोणाचेही निरसन होऊ शकत नाही.

ह्या विचाराला पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा विशेष उपयुक्त आहे. सपाट पत्र्यातून घन वस्तू करणे हा येथील शेकडो कारखान्यांचा नित्याचा उद्योग आहे. भोसरीच्या किंवा चाकणच्या पत्रेकामाच्या शॉपमध्ये डबा, नळकांडे किंवा झाकण करण्यापूर्वी त्याची 'डेव्हलपमेंट' काढतात. म्हणजे घन वस्तू उलगडून सपाट केली तर पत्रा कोणत्या आकाराचा लागेल हे ठरवितात. कागदी प्रतिकृतीचा तक्ता ही हीच डेव्हलपमेंट होय. तथापि दोहोंत एक मार्मिक भेद आहे. प्रेसखाली डायमध्ये पत्रा ताणला जातो आणि दुहेरी वळणाचा फुगवटाही एका तुकड्यात साधतो. कागद ताणत नाही. ज्या पृष्ठाला दोन दिशांनी वळण आहे ते न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले. म्हणून स्कूटरच्या मागील गोलसर टपाची कागदी प्रतिकृती करणाऱ्याला तो फुगवटा पट्ट्यांत, पाकळ्यांत किंवा शंकूच्या तुकड्यांत मोडावा लागतो. काप कोठे घ्यावयाचा, सांधा कोणत्या सावलीत लपवावयाचा, कोणता बाक सोडून द्यावयाचा, हा निर्णय कोणतेही गणित त्याच्यासाठी करीत नाही.

येथेच कर्तृत्वाचे माप सापडते. घनाचे उलगडे अवघे ११ आहेत. चौकोनी खोलीच्या चार भिंती आणि छप्पर उलगडून दाखविणाऱ्याने त्यांतला एक निवडला, तर त्या निवडीवर त्याने हक्क सांगावा असे त्यात काही नाही. ती भूमितीची मालमत्ता आहे. उलट, वक्राकार वाहनाचा पंचवीस तुकड्यांचा उलगडा दोन स्वतंत्र रेखाटनकारांच्या हातून सारखा उतरणे जवळजवळ अशक्य आहे. ह्या उलगड्यात त्या कारागिराची दृष्टी, धैर्य आणि काटकसर उमटलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक ह्या २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या निर्णयात स्वामित्वहक्कासाठी केवळ श्रम पुरेसे मानले नाहीत. कौशल्य, विवेक आणि अल्पशी का होईना सर्जनशीलता आवश्यक ठरविली. हा निकष कागदी प्रतिकृतीला लावला, तर संरक्षण सरसकट न मिळता निवडीच्या स्वातंत्र्याच्या प्रमाणात मिळते, असा निष्कर्ष निघतो. मुलांच्या पानावरील साधी पेटी आणि निष्णात कारागिराचे इंजिन ह्यांना एकाच तराजूत घालणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम २ मध्ये कलाकृतीच्या व्याख्येत रेखाटनाचा अंतर्भाव आहे, आणि रेखाटनात आकृती, नकाशा व आराखडाही येतो. त्याला कलागुण असो वा नसो. म्हणजे तक्ता ही कलाकृती आहे ह्यात संशय नाही. कलम १४ प्रमाणे सपाट कृतीची घन प्रत करणे आणि घन कृतीची सपाट प्रत करणे हे दोन्ही हक्क कर्त्याचे आहेत; संगणकात साठविणेही त्यातच येते. शिवाय १९९४ च्या दुरुस्तीने 'रूपांतर' ह्या शब्दाच्या व्याख्येत कोणत्याही कृतीची फेरमांडणी किंवा फेरफार करून केलेला उपयोग समाविष्ट झाला. जुन्या संचाच्या कडा सुधारणे, रंग बदलणे, दोन पानांचा संच एका पानावर बसविणे, ही सर्व कृत्ये ह्या शब्दांच्या कक्षेत येतात. तेव्हा 'आम्ही जसाच्या तसा छापला नाही, सुधारून छापला' हा बचाव उलट फिरतो, कारण सुधारणे हाच परवानगीचा विषय आहे.

पण ह्याच अधिनियमात सुटकेची वाटही आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स ह्या १९७८ च्या निर्णयाने कल्पना सर्वांची व आविष्कार कर्त्याचा हे तत्त्व आपल्याकडे स्थिर केले. कलम १३ वास्तुकृतीचे संरक्षण तिच्या कलात्मक रूपापुरते ठेवते. बांधणीच्या पद्धतीला ते पोचत नाही. ह्याच न्यायाने घडी घालण्याची रीत, कडेला जीभ ठेवण्याची युक्ती, क्रमांकाने जोडणी दाखविण्याची सोय ह्या कोणाच्याही नाहीत. जो जुना तक्ता बाजूस ठेवतो, मूळ वस्तूकडे जातो, तिची मापे घेतो आणि आपला उलगडा स्वतः काढतो, तो कोणाचाही ऋणी नाही. पुनर्रेखाटन आणि नवरेखाटन ह्यांतील ही सीमा संगणकामुळे पुसट झाली आहे, पण ती नष्ट झालेली नाही.

आता एक युक्तिवाद विचारात घेतला पाहिजे, कारण उद्योगपट्ट्यात तो सहज सुचतो. कलम १५ असे सांगते की डिझाइन कायद्याखाली नोंदणीयोग्य असलेल्या पण न नोंदलेल्या डिझाइनवरील स्वामित्वहक्क, ते डिझाइन लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा निर्माण होताच संपतो. कागदी संच हजारोंनी छापले गेले. मग एक्कावन्नाव्या प्रतीबरोबर हक्क संपला नाही काय? क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स ह्या एप्रिल २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाची मीमांसा केली. वाद द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या अभियांत्रिकी रेखाटनांचा होता, म्हणजे ह्या पट्ट्याला परिचित अशाच वस्तूंचा. प्रस्तुत कृती निखळ कलाकृती आहे, की कलाकृतीपासून निघून औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरलेले डिझाइन आहे, हे प्रथम पाहावे. आणि शंका राहिल्यास तिचे प्रधान प्रयोजन उपयोगाचे आहे की सौंदर्याचे, ह्याची कसोटी लावावी, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

ह्या कसोटीवर कागदी संच चमत्कारिक ठरतो. उभी केलेली प्रतिकृती काहीच काम करीत नाही. ती केवळ पाहावयाची असते. म्हणून ती यंत्राच्या सुट्या भागासारखी उपयोगी वस्तू नव्हे. परंतु दिसणे हेच जिचे सर्वस्व, ती खेळण्याचे डिझाइन म्हणून नोंदणीयोग्य ठरेल आणि कलम १५ च्या जाळ्यात सापडेल, असे प्रतिपक्ष म्हणू शकतो. ह्याचे उत्तर वस्तूच्या जन्मकथेत आहे. औद्योगिक प्रक्रियेतून निघतो तो छापील कागद. घन खेळणे निघते ते ग्राहकाच्या हातून, एकेक करून, कमीअधिक वाकडे. शिवणाचे कागदी बेत, नकाशे, शुभेच्छापत्रे ह्यांना डिझाइन नोंदणीच्या व्यवहारात स्थान नाही, कारण छापील मजकूर वाहून नेण्यापलीकडे त्या कागदाला वस्तू म्हणून स्वतंत्र अस्तित्व नाही. कापून चिकटवण्याचा तक्ता शिवणाच्या बेताचाच भाऊ आहे. म्हणून प्रतींच्या संख्येने त्याचा हक्क संपत नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जोडून तयार केलेली खेळणी कारखान्यातून विकणाऱ्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरे पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तक्त्याचा हक्क एक, आणि तक्त्यात दाखविलेल्या वस्तूचा हक्क दुसरा. हा भेद ज्या उदाहरणाने सर्वांत स्पष्ट होतो, ते आकुर्डीचे आहे. बजाज ऑटोने इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा स्कूटर बनविल्या. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आली. तिच्या देहावर व्हेस्पाचे कूळ स्पष्ट दिसत होते. २००९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. २०१९ मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर सादर झाली. आता समजा, जुन्या चेतकची कागदी प्रतिकृती पुन्हा रेखाटावयाची आहे. १९११ च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी झाली असे गृहीत धरले तरी तिची कमाल मुदत १५ वर्षांची. ती केव्हाच सरली. म्हणजे भारतात हा आकार मोकळा आहे. परंतु 'चेतक' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून जिवंत आहे, आणि व्यापारचिन्हाची नोंदणी दर १० वर्षांनी नूतन होऊ शकते. १९७२ मध्ये अनामिक चित्रकाराने काढून प्रसिद्ध झालेले स्कूटरचे एखादे चित्र असेल, तर त्यावरील हक्क २०३२ च्या अखेरपर्यंत टिकतो. एकाच प्रतिकृतीत आकार मुक्त, नाव बद्ध आणि चित्र अर्धबद्ध अशी ही अवस्था आहे.

सीमा ओलांडली की चित्र पुन्हा बदलते. ट्युरिनच्या न्यायालयाने २०१७ मध्ये व्हेस्पाच्या आकाराला कलाकृती म्हणून स्वामित्वहक्काचे संरक्षण असल्याचे मान्य केले आणि २०१९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ते कायम केले. व्हेस्पाचा अभिकल्पक कोर्रादीनो दास्कानियो १९८१ मध्ये वारला. युरोपातील ७० वर्षांच्या मुदतीने हा हक्क २०५१ च्या अखेरपर्यंत पोचतो. जो आकार आकुर्डीत कोणाचाच नाही तो ट्युरिनमध्ये कोणाचा तरी आहे. संगणकावरून जगभर धाडलेल्या संचाला ही विसंगती भोगावी लागते. नावाच्या बाबतीत मात्र जर्मनीत थोडी उदार दृष्टी दिसली. ओपेलचे चिन्ह असलेल्या छोट्या खेळण्याच्या मोटारीवरून झालेल्या वादात युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये निकष घालून दिले, आणि २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, ग्राहक त्या चिन्हाकडे प्रतिकृतीतील एक तपशील म्हणून पाहतो, खेळण्याच्या उगमाची खूण म्हणून पाहत नाही, असे ठरविले. ही विवेकपूर्ण दृष्टी आपल्याकडेही स्वीकारण्याजोगी आहे. स्कूटरच्या टपावर तिचे नाव असणे हे सत्यचित्रण होय. संचाच्या वेष्टनावर ते मोठ्या अक्षरांत मिरविणे ही निराळी गोष्ट.

वास्तू आणि शिल्पे ह्यांची स्थिती त्याहून सूक्ष्म आहे. चाकणचा संग्रामदुर्ग, जो १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या सैन्याविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजविला, त्याच्या तटाबुरुजांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. दिवाळीत तो मातीत उभारणाऱ्या मुलाइतकाच कागदात उभारणाराही मुक्त आहे. पण एखाद्या संशोधकाने मापे घेऊन, पडलेल्या भागांचा तर्क बांधून काढलेला त्याचा आराखडा ही त्या संशोधकाची कृती आहे, आणि तर्काचा अंश जितका अधिक तितका त्याचा हक्क बळकट. निगडीच्या भक्ती-शक्ती शिल्पाची गोष्ट निराळी. सार्वजनिक स्थळी कायमच्या असलेल्या शिल्पाचे चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास कलम ५२ मोकळीक देते. त्या यादीत प्रतिकृतीचे नाव नाही. मग कागदी तक्ता हे रेखाटन की प्रतिकृती? प्रकाशक सपाट रेखाटन प्रसिद्ध करतो, ते यादीत बसते. मूल घरी ते उभे करते, तो खासगी उपयोग म्हणून त्याच कलमात बसतो. साखळीची प्रत्येक कडी निर्दोष असताना संपूर्ण साखळी सदोष ठरविणे कठीण आहे. तरीही कायदेकर्त्यांनी ही शक्यता डोळ्यांपुढे ठेवली नव्हती हे उघड आहे, आणि तयार प्रतिकृती विकणाऱ्याला हा आडोसा मिळणार नाही.

मुदतीचा हिशेब वरवर सोपा आहे. ज्ञात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, अनामिक किंवा टोपणनावाच्या कृतीला प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. १९६४ मध्ये वारलेल्या चित्रकाराचे तक्ते २०२४ च्या अखेरीस मुक्त झाले. अडचण आहे ती कर्ता ओळखण्याची आणि मालक ठरविण्याची. मासिकाच्या नोकरीत असलेल्या चित्रकाराने काढलेल्या पानावर मालकाचा हक्क कलम १७ प्रमाणे नियतकालिकातील प्रसिद्धीपुरताच असतो. विरुद्ध करार नसेल तर बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. म्हणजे जुन्या बालमासिकातील पानाचा स्वतंत्र संच काढावयाचा तर संपादकाचे पत्र पुरेसे नाही. चित्रकाराच्या वारसांकडे जावे लागते. मोबदला देऊन बाहेरच्या चित्रकाराकडून करविलेल्या कामाबाबत तेच कलम रंगचित्र, व्यक्तिचित्र, छायाचित्र आणि उत्कीर्णन ह्यांची नावे घेते, आणि उत्कीर्णनात शिळाछापाचे मुद्रण येते. साधे रेखाटन मात्र त्या यादीत नाही. तेव्हा एकाच तक्त्याची काळी रेघ चित्रकाराची आणि शिळेवरून छापलेला रंगीत ठसा छापखान्याचा, असाही वाद उद्भवू शकतो. कायद्याच्या ह्या शब्दयोजनेमागे काही तत्त्व आहे असे दिसत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश कायद्याचा तो वारसा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप कलम ३१-अ वर घ्यावा लागतो. कर्ता मृत वा अज्ञात असेल, किंवा मालक सापडत नसेल, तर अनुज्ञप्ती मिळविण्याची तरतूद हे कलम करते. २०१२ च्या दुरुस्तीने ती प्रसिद्ध कृतींनाही लागू झाली. परंतु अर्जापूर्वी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. थोड्या पैशांच्या मराठी मुलांच्या तक्त्यासाठी एखाद्या शिक्षकाने हा खर्च करावा, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तो पुण्याच्या पेठेत राहणारा चित्रकाराचा नातू ती जाहिरात वाचील अशी अपेक्षा करावी, हे दोन्ही असंभाव्य आहे. त्याहून मोठा दोष असा की हे कलम कृती प्रसिद्ध करण्याची, जनतेपर्यंत पोचविण्याची किंवा भाषांतराची अनुज्ञप्ती बोलते. फेरमांडणीविषयी ते मौन बाळगते. फाटलेल्या तक्त्याच्या हरवलेल्या कडा भरून काढणे हेच जेथे जतनाचे कार्य, तेथे ही तरतूद निरुपयोगी होते. मालक नाही म्हणून परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून वस्तू नष्ट होते, असे हे चक्र आहे.

अध्यापनाला मात्र हा अडथळा नाही. शिक्षक वा विद्यार्थी ह्यांनी अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत कलम ५२ खाली मुक्त आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात ह्या सवलतीचा उदार अर्थ लावला. वर्गात जुना संच पुन्हा रेखाटून भूमिती शिकविणाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

शेवटी एक हक्क असा आहे की जो पैशाने मोजला जात नाही. कलम ५७ कर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कृतीच्या मानहानिकारक विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार देते. हक्क विकला तरी हा राहतो. अमरनाथ सेहगल ह्यांच्या भित्तिशिल्पाच्या प्रकरणात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ह्या अधिकाराला भक्कम रूप दिले. कागदी संचांच्या पुनर्रेखाटनात सर्वाधिक पायमल्ली ह्याच हक्काची होते. नवा रेखाटनकार आपली खूण कोपऱ्यात उमटवितो आणि जुन्या कारागिराची अस्पष्ट आद्याक्षरे डाग समजून पुसून टाकतो. मुदत संपलेल्या कृतीवर कोणाला मोबदला देणे लागत नसेल. परंतु कर्त्याचे नाव पुसण्याचा अधिकार मुदतीच्या समाप्तीने कोणालाही प्राप्त होत नाही. शिवाय तीच आद्याक्षरे कर्ता ओळखण्याचा आणि मुदत मोजण्याचा एकमेव पुरावा असू शकतात; ती पुसणारा मृताचे नाव आणि आपला बचाव दोन्ही गमावतो.

ह्या विवेचनातून व्यवहाराचा नियम निघतो. पुनर्रेखाटन करणाऱ्याने मूळ तक्त्याची अबाधित प्रत जपावी. कोणता तुकडा जुना, कोणता सुधारलेला, कोणता सर्वस्वी नवा, हे संचाबरोबर नमूद करावे. कर्त्याचे नाव ज्ञात असल्यास ते आपल्या नावाच्या आधी द्यावे. वक्र अंगांचा उलगडा परक्याचा असेल तर परवानगी मागावी, आणि ती मिळण्यासारखी नसेल तर मूळ वस्तूकडे जाऊन आपला उलगडा आपण काढावा. कायदेकर्त्यांनी कलम ३१-अ मध्ये प्रादेशिक भाषेतील जाहिरात पुरेशी मानावी आणि जतनासाठी केलेल्या फेरमांडणीला तेथे जागा द्यावी. ज्या पट्ट्यात पत्र्याच्या प्रत्येक डेव्हलपमेंटवर ती काढणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही असते, तेथे कागदाच्या उलगड्यालाही तेवढीच सही असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.